दुबईशी करार झाला, मग रावेरात केळीचा भाव का नाही वाढला?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरची १२ एकर जी-नाइन जातीची केळी, गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीत सभासद. "भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा व्यापार करार होऊन काही वर्षं झाली. संबंध घट्ट झाले, उलाढाल १०० अब्ज डॉलरवर गेली, असं वाचतो. मग आमच्या केळीला बोर्डाच्या, म्हणजे रोज जाहीर होणाऱ्या भावापेक्षा चार पैसे जास्त का पडत नाहीत? कंपनीने आता थेट दुबईला कंटेनर पाठवावा का? वडील म्हणतात, बांधावर पैसे मोजून घ्यावे, समुद्रापलीकडच्या भानगडीत पडू नये."

भाऊ, मी २२ वर्षं याच धंद्यात आहे. आधी न्हावा शेव्याला कस्टमच्या कागदांचं काम केलं, मग गावाकडे येऊन केळीच्या पॅकहाऊसचं. वडिलांचं म्हणणं मी खोडणार नाही, त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी भावाचं. आयात शुल्क तुम्ही भरत नाही आणि मीही भरत नाही. दुबईच्या जेबेल अली बंदरात माल सोडवणारा आयातदार ते भरतो. शुल्क माफ झालं की वाचलेला पैसा पहिल्यांदा त्याच्या खिशात राहतो. त्यातला वाटा रावेरपर्यंत यायचा असेल तर त्याला "नाही, या भावात देत नाही" म्हणायची ताकद आपल्यात हवी. कापणीला आलेला घड झाडावर फार दिवस थांबत नाही, हे आपल्याला माहीत आहे तसं त्यालाही माहीत आहे. त्यामुळे ही ताकद केळीवाल्याकडे जात्याच कमी. कापूस घरात ठेवता येतो, हरभरा ठेवता येतो, केळी नाही.

त्यात केळीच्या बाबतीत माफ व्हायला फारसं काही नव्हतंच. आखाती देशांनी २००३ साली सामाईक कस्टम संघ केला आणि बहुतेक मालावर सरसकट ५ टक्के शुल्क ठेवलं. ताज्या खाण्यापिण्याच्या बऱ्याच जिनसा त्यातूनही वगळल्या. ज्यांच्याकडे बहुतेक अन्न बाहेरून येतं, ते स्वतःच्या ताटावर कर कशाला लावतील? तुम्हाला आठवत असेल, जून २०२१ मध्ये तुमच्याच तालुक्यातल्या तांदलवाडीची जीआय (भौगोलिक) मानांकनाची केळी दुबईला गेली होती, २२ टन. जळगावच्या केळीला ते मानांकन २०१६ साली मिळालेलं. आणि करारावर सह्या झाल्या १८ फेब्रुवारी २०२२ रोजी, अंमल सुरू झाला १ मे २०२२ पासून. म्हणजे केळी करारावर सही व्हायच्या आधीच पोचली होती. तिची वाट शुल्काने अडवलेलीच नव्हती.

मग करारात होतं काय? अमिरातीने आपल्या ९७ टक्के शुल्क-ओळींवर, म्हणजे शुल्काच्या यादीतल्या मालाच्या प्रकारांवर, सवलत दिली. किमतीच्या हिशोबाने आपली ९९ टक्के निर्यात त्यात येते. भारताने ९० टक्क्यांहून जास्त ओळींवर दिली. आपल्या जिल्ह्यात याचा फायदा कुणाला झाला ते बघायचं असेल तर केळीच्या बागेऐवजी जळगावच्या सराफ बाजाराकडे बघा. भारतीय दागिन्यांवर तिकडे ५ टक्के लागायचे, ते शून्य झाले. बदल्यात आपण त्यांच्या सोन्याला आयात शुल्कात १ टक्का सवलत दिली, पहिल्या वर्षी १२० टनांना आणि वाढत वाढत २०० टनांपर्यंत. दोन व्यापारी देशांचा करार असाच असतो, एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने घ्यायचं.

सोन्यावरून आठवलं. कराराच्या यादीत पळवाट शोधणारे किती हुशार असतात बघा. धातूत २ टक्के प्लॅटिनम मिसळलं की कस्टमच्या यादीत तो माल "प्लॅटिनमचा मिश्रधातू" ठरतो, मग उरलेलं जवळपास सगळं सोनं का असेना. सोन्याला जास्त शुल्क आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूला कमी, असं झाल्यावर जे व्हायचं ते झालं. शेवटी सरकारला अशा आयातीवर निर्बंध घालावे लागले. म्हणून करारात सवलतींच्या जोडीला मूळ देशाचे नियम आणि व्याख्या यांचीही पानंच्या पानं असतात. केळीवाल्याला ही कटकट कमी. शेतमाल पूर्णपणे आपल्याच मातीत पिकलेला असला की मूळ देशाचा दाखला निघतो. पण दाखला काढावाच लागतो. तो नसेल तर तुमच्या मालाला करार लागू नाही, मग दिल्ली आणि अबुधाबीत किती का मिठ्या मारल्या असोत.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. नाशवंत मालाच्या व्यापारात दोन देशांचं नातं किती पक्कं, हे मी दोनच गोष्टींवरून ओळखतो. पैसे कोणत्या वाटेने परत येतात, आणि भांडण झालं तर ते कुठे मिटतं. बाकी फोटो.

इराणचंच घ्या. आपल्या केळीचा तो कितीतरी वर्षं मोठा गिऱ्हाईक. नातं तर इतकं जुनं की आपण धंद्यात वापरतो ते बंदर, दस्तऐवज, रवाना हे शब्दच फारसीतून आलेले. २०१२ च्या सुमारास अमेरिकी निर्बंधांमुळे डॉलरची वाट बंद झाली, तेव्हा दोन्ही सरकारांनी तोड काढली. इराणकडून घेतलेल्या तेलाचे पैसे भारतातल्या एका सरकारी बँकेत रुपयांत जमा करायचे आणि त्याच खात्यातून आपल्या तांदळाचे, चहाचे, औषधांचे, फळांचे पैसे निर्यातदारांना द्यायचे. सात वर्षं हे छान चाललं. मग अमेरिकेने दिलेली सूट संपली आणि मे २०१९ पासून भारताने इराणी तेल घेणं थांबवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर टाकीत वरून पाणी पडायचं बंद झालं आणि खालचा नळ सुरूच राहिला. तळ कधीतरी लागणारच होता.

माझे दोन कंटेनर त्या दिवसांत इराणच्या बंदर अब्बासला उतरलेले. पार्टी दहा वर्षांची जुनी. रमजानच्या आधी हमखास फोन करणारा, माझ्या मुलीच्या लग्नाला पिस्ते पाठवणारा माणूस. त्याने माल विकला, पैसे त्याच्याकडे होते, द्यायची इच्छाही होती. पण द्यायची वाट नव्हती. ते पैसे पूर्ण यायला ११ महिने लागले, तेही तुकड्यातुकड्याने. तोवर इकडे शेतकऱ्यांना मी कर्ज काढून पैसे दिले. त्या वर्षी मी कमावलं किती हे बायकोला अजून सांगितलेलं नाही. चूक त्याची नव्हती, माझीही नव्हती. दोन देशांच्या मध्ये तिसऱ्या देशाने दार लावलं होतं, एवढंच.

अमिरातीशी आज जे नातं आहे त्याची किंमत मला या ११ महिन्यांमुळे कळते. तेही काही आपोआप झालेलं नाही. गंमत बघा, एके काळी तिकडे आपलाच रुपया चालायचा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, लोक त्याला गल्फ रुपया म्हणायचे. १९६६ साली आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि त्यांनी तो सोडून दिला. नंतर १९८१ मध्ये इंदिरा गांधी तिकडे जाऊन आल्या, आणि त्यानंतर भारताच्या पंतप्रधानांचा पाय तिथे लागायला २०१५ उजाडलं. चौतीस वर्षं! मुंबईहून विमानाने तीन तासांवरचा देश, लाखो भारतीय तिथे कामाला, आणि आपल्याला जायला सवड नव्हती. त्यानंतर मात्र कामं भराभर झाली. २०१७ मध्ये सामरिक भागीदारी, २०२२ मध्ये व्यापार करार, जुलै २०२३ मध्ये दोन्ही मध्यवर्ती बँकांचा रुपया आणि त्यांच्या दिरहॅममध्ये व्यवहार करायचा समझोता, २०२४ मध्ये गुंतवणूक संरक्षणाचा करार.

रुपया-दिरहॅमबद्दल लोक उगाच हुरळतात. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलरला ३.६७२५. म्हणून दिरहॅममध्ये बिल केलं तरी चलनाची जोखीम डॉलरइतकीच राहते, फक्त मधलं एक रूपांतर वाचतं. मला त्यातली वेगळी गोष्ट मोलाची वाटते. डॉलरची वाट कधी अडली तर दुसरी वाट आधीच आखून ठेवलेली आहे. इराणच्या वेळी आपण घर पेटल्यावर विहीर खणत होतो.

व्यापार वाढला हेही खरंच आहे. २०२१-२२ मध्ये दोन्ही देशांचा मालाचा व्यापार ७३ अब्ज डॉलरच्या आसपास होता, २०२४-२५ मध्ये १०० अब्जांवर गेला. पण या आकड्यात तेल, सोनं, हिरे, मोबाइल असला जडशीळ माल आहे. त्यात केळी शोधायला भिंग लागेल. भारत जगात सगळ्यात जास्त केळी पिकवतो, वर्षाला ३ कोटी टनांहून जास्त, आणि जगाच्या केळी निर्यातीत आपला वाटा अगदीच थोडा. दुबईच्या अल अवीर मार्केटमध्ये फिलिपिन्सचं खोकं समुद्रात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस काढून येतं आणि तरी शेल्फवर आधी तेच लागतं. इक्वेडोरची तर गोष्टच सोडा, तो जगातला सगळ्यात मोठा केळी निर्यातदार. हे का होतं, त्याचं उत्तर कुठल्याच करारात नाही. ते पॅकहाऊसमध्ये आहे.

एकदा सकाळी सहाला या, दाखवतो. घड बागेतून फोमच्या गादीवर आडवा येतो, खांद्यावर मारून आणलेला मी परत पाठवतो. फण्या सुटतात त्या टाकीत, तुरटीच्या पाण्यात, कारण कापल्या जागेतून जो चीक गळतो तो सालीवर वाळला की पिकल्यावर काळा ओघळ दिसतो. आज शेतात तो ओघळ दिसत नाही. दहा दिवसांनी दुबईच्या दुकानात दिसतो, आणि गिऱ्हाईक खोकं बाजूला सारतं. टाकीच्या दुसऱ्या टोकाला बायका उभ्या असतात, एकेक फणी उलटीपालटी करून बघतात. त्यांच्यातली एक मावशी १५ वर्षांची अनुभवी आहे. ती हात लावून सांगते, ही फणी ७५ टक्के भरली आणि ही ८५ टक्के. ८५ वाली बाजूला, ती दिल्लीला जाईल. जहाजात ती सगळ्यात आधी पिवळी होईल आणि तिच्यामुळे शेजारची पिकतील. मग खोकं, १३ किलोचं. ४० फुटी रिफर (आतून थंड राहणाऱ्या) कंटेनरमध्ये १५४० खोकी बसतात, म्हणजे २० टन. भरण्याआधी माल थंड करून घ्यायचा आणि गरात थर्मामीटर खुपसून बघायचं. साडेतेरा अंश पाहिजे. बाराच्या खाली गेलं की साल आतून करपते, पंधराच्या वर गेलं की घड्याळ सुरू झालं समजा.

एका जूनमध्ये माझा कंटेनर कसारा घाटात सात तास अडकला, पुढे ट्रक उलटलेला. ड्रायव्हर झोपला आणि जेनसेट, म्हणजे कंटेनर थंड ठेवणारा जनरेटर, डिझेल संपून बंद पडला. सकाळी त्याने तो सुरू केला आणि मला काही सांगितलं नाही. कागद बरोबर, दाखले बरोबर, जहाज वेळेवर. जेबेल अलीला दार उघडलं तेव्हा दाराकडच्या रांगांना रंग आलेला. पार्टीने फोटो पाठवले आणि बिलातून मोठी रक्कम कापली. माझ्या नशिबाने आत तापमान नोंदणारं यंत्र ठेवलं होतं. त्याच्या आलेखावर त्या रात्री १३.५ वरून १९ पर्यंत चढलेली रेघ स्पष्ट दिसत होती, म्हणून निदान भांडण कुणाशी करायचं ते कळलं. वाहतूकवाल्याकडून निम्मे पैसे वसूल झाले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कंटेनरात दोन यंत्रं असतात, एक दाराशी आणि एक आत.

याचा हिशोब मांडा म्हणजे करार आणि काळजी यातलं प्रमाण कळेल. समजा खोकं ७ डॉलरने विकलं. कंटेनर झाला १०,७८० डॉलरचा. ५ टक्के शुल्क वाचलं असं धरलं तरी ५३९ डॉलर वाचले, तेही आयातदाराचे. उलट माल खराब निघाला म्हणून १० टक्क्यांचा क्लेम आला तर १,०७८ डॉलर गेले, आणि ते तुमचे.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे जी आपण मोकळेपणाने बोलत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्या बागांना थंडीचा चरका बसतो, घड नीट निसवत (बाहेर पडत) नाही, सालीची चमक जाते. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे आणि वादळात उभ्या बागा आडव्या होतात. म्हणजे दुबईवाल्याला बाराही महिने एकसारखा माल देणं आपल्याला जड जातं. तिकडे सोलापूरच्या करमाळा, टेंभुर्णी भागातल्या लोकांनी केळी आपल्यानंतर कितीतरी वर्षांनी धरली, आणि आज निर्यातीचे कंटेनर तिथून जास्त भरतात. त्यांनी लागवडी वर्षभर विभागल्या, घडांना पिशव्या घातल्या, शीतगृहं उभी केली. आपण नवती, पिलबाग आणि वापसी अशा केळीच्या प्रतींचे भाव रोज सकाळी मोबाइलवर बघत बसलो. हे मला बोचतं, कारण टिश्यू कल्चरची रोपं आणि ठिबक देशाला दाखवलं ते आपल्याच जळगावने.

बरं, करार दुधारी असतो हेही लक्षात ठेवा. तुमचे नातेवाईक चोपडा, अमळनेरकडे कापूस लावत असतील तर त्यांना विचारा. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, त्यात आपण त्यांच्या ५१,००० टन कापसाला शुल्काशिवाय दार उघडलं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, आपल्या कापडवाल्यांची कोंडी झाली, आणि सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कच वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं. गिरणीवाल्याला ते हवं होतं. कापूस घरात भरून बसलेल्या धरणगावच्या माणसाने काय करायचं? "संबंध दृढ झाले" असं वाक्य वाचलं की मी पहिलं विचारतो, कुणाच्या खर्चाने. अमिरातीच्या बाबतीत केळीवाल्याचं नुकसान झालेलं नाही, तिकडे केळी फारशी पिकत नाही. म्हणून हा करार आपल्याला त्यातल्या त्यात सोयीचा आहे, एवढं नक्की.

आणि एक जागा आहे जिथे तो थेट उपयोगी पडतो, तुमच्या कंपनीने तिकडे लक्ष दिलं तर. केळीचे वेफर, केळी पावडर, वाळवलेला कांदा असा प्रक्रिया केलेला माल. ताज्या फळाला सूट होती तशी या मालाला सगळीकडे नव्हती, इथे ५ टक्क्यांचा फरक पडू शकतो. पण तुमच्या नेमक्या मालाचा एचएस कोड (कस्टमच्या यादीतला क्रमांक) घेऊन कराराची यादी उघडा. काही शुल्कं पहिल्या दिवशी शून्य झाली, काही पाच वर्षांत होतात, काही दहा. वेफर तर आठ दिवस घाटात अडकले तरी पिकत नाहीत!

मध्येच एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याच वाटेवर घडली. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो सुरतेला उतरला. बादशहा जहांगीर अजमेरला होता. रो निघाला तो नंदुरबारवरून तापीच्या खोऱ्याने बऱ्हाणपूरला, जिथे शहजादा परवीझचा दरबार होता, तुमच्या रावेरहून तासाभरात पोचता तिथे. त्याने शहजाद्याला भेटी दिल्या, त्यात दारूच्या बाटल्या होत्या. पुढची खाजगी भेट ठरली होती, पण शहजादा त्या बाटल्यांनीच आडवा झाला आणि भेट राहून गेली. तरी बऱ्हाणपूरला वखार ठेवायची परवानगी रोने पदरात पाडली. पुढे जहांगीरच्या दरबारात तीन वर्षं घासली, त्याला हवा तसा पक्का तह काही मिळाला नाही, १६१९ मध्ये फर्मानं घेऊन परत गेला. आणि त्या कामचलाऊ फर्मानांवर कंपनीचा व्यापार चालला. पुढे त्या व्यापाराचं काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत, ते इथे नको. सांगायचं एवढंच की दोन राजांचं जमो न जमो, वखारीत बसून माल मोजणारा माणूस तिथे असावा लागतो.

आजच्या दुबईत तो माणूस कोण? तुमचा तिथे कुणी नाही, हीच थेट कंटेनर पाठवण्यातली खरी अडचण. दार उघडताना तुमच्या बाजूचा कुणीतरी हजर पाहिजे. नाहीतर समोरून आलेला पिवळ्या केळीचा फोटो तुमच्याच खोक्याचा आहे की दुसऱ्या कुणाच्या, हेही तुम्हाला कळणार नाही. तिथे लाखो भारतीय आहेत, खान्देशातली पोरंही आहेत. पगारी सर्वेक्षक मिळतो, त्याचे पैसे जीव तोडून वाचवू नका. आणि पार्टीची चौकशी करायला आपला दुबईचा वाणिज्य दूतावास आहे. त्यांच्या व्यापार विभागाला पत्र टाकलं तर उत्तर येतं, उशिरा येईल पण येतं. आपले लोक तिथे लिहीतच नाहीत. राजनैतिक संबंध म्हणजे काय, तर माझ्या लेखी तिथल्या टेबलावर बसलेला तो अधिकारी, ज्याला आपण कधी कामाला लावत नाही.

पैशाच्या अटींवर मी कडक आहे. "माल पाठवा, विकेल तसे पैसे देतो" म्हणणाऱ्याला पहिल्या पाच व्यवहारांत माल द्यायचा नाही. त्यात आयातदाराची जोखीम शून्य आणि तुमची पूर्ण. तीस टक्के आगाऊ, बाकी कागदांची नक्कल बघून, आणि पैसे आल्यावरच माल सोडायची परवानगी. करारपत्रात एक ओळ घालाच: क्लेम कंटेनर उघडल्यापासून ४८ तासांच्या आत, तापमानाच्या आलेखासह आणि तिऱ्हाईत सर्वेक्षकाच्या अहवालासह, नाहीतर ग्राह्य नाही. वर ईसीजीसीचा विमा घ्या. ही सरकारी संस्था १९५७ पासून हेच काम करते, परदेशी गिऱ्हाईक बुडालं किंवा त्याच्या देशाने पैसे अडवले तर भरपाईचा बराच भाग देते. इराणच्या वेळी माझ्याकडे तो नव्हता. हप्ता वाचवला होता मी.

आयात-निर्यात क्रमांक, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, कीडरोगमुक्तीचा दाखला, बागेची नोंद, फवारणीची वही, ही कागदं होतात. त्यासाठी कुणाच्या मागे लागायची गरज नाही. फवारणीची वही मात्र रोज लिहा, आठवड्याने आठवून नाही.

तर थेट पाठवावा का? या वर्षी नको. या वर्षी कंपनीने एखाद्या चालत्या निर्यातदाराला खोक्याच्या दराने माल द्या, पण पॅकहाऊसमध्ये स्वतःचा माणूस बसवा आणि किती फण्या कशासाठी नाकारल्या याची वही ठेवा. तुमची नाकारणी तीसवरून दहा टक्क्यांवर आली की तुम्ही तयार झालात. पुढच्या वर्षी दोन-तीन कंपन्या मिळून एक कंटेनर. रमजानच्या आधीचा हंगाम धरा, तेव्हा तिकडे मागणी चढते. तो महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून लागवड ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. थंडीत निसवलेल्या बागेच्या भरवशावर त्या हंगामाचा शब्द कुणाला देऊ नका.

भावाचंही एक सांगून ठेवतो. निर्यातदार जो दर देईल तो बोर्डाच्या दराशी बांधून घेऊ नका. बोर्डाचा भाव बऱ्हाणपूरचा लिलाव, दिल्लीची मागणी, श्रावण, नवरात्र यांच्यावर हलतो, दुबईचा त्याच्याशी संबंध नाही. तरी दोघं सोयीप्रमाणे त्याचाच आधार घेतात. बोर्ड पडला की निर्यातदार म्हणतो बोर्डाप्रमाणे, चढला की शेतकरी म्हणतो बोर्डाप्रमाणे आणि ठरलेला माल दिल्लीच्या गाडीत भरतो. मी दोन्ही बघितलं आहे, आणि दुसऱ्या प्रकाराने आपण गिऱ्हाइकं जास्त घालवली. जहाजाची जागा आरक्षित, कंटेनर दारात, आणि बागेतून निरोप येतो की माल काल रात्री गेला. त्या दुबईवाल्याने पुढच्या वर्षी मला फोन केला नाही. करार मोडला तो दिल्लीने नव्हता, आपल्याच शिवारातल्या एका माणसाने होता, क्विंटलमागे शंभर रुपयांसाठी.

राहिले वडील. त्यांना सांगा, १२ एकरांतले १० त्यांच्या पद्धतीने, बांधावर, रोख. २ एकर तुमचे. त्या दोन एकरांत केळफूल वेळेवर मोडा, घडावर आठ-नऊ फण्याच ठेवा, पिशवी घाला, आणि पहिली कापणी असेल त्या दिवशी त्यांनाही पॅकहाऊसला घेऊन या. मावशी ज्या फण्या बाजूला टाकते त्या त्यांना उचलून बघू द्या. मागे एका शेतकऱ्याचे वडील असेच आले होते, तासभर नाकारलेल्या फण्यांच्या ढिगापाशी उभे राहिले, एकही शब्द बोलले नाहीत, आणि संध्याकाळी घरी जाऊन मजुरांना म्हणाले, उद्यापासून घड खांद्यावर आणायचा नाही.